झांझिबारमधला एक ताप

दार-ए-सलामहून झांझिबारला बोटीने जायला साधारण दोन तास लागतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघं, आमची नऊ वर्षांची लेक आणि अम्मी त्या बोटीत बसलो होतो. आजूबाजूला गाद्या, टेबलपंखे, कांद्याच्या पिशव्या घेऊन घरी निघालेली माणसं होती, मांडीवर लेकरं झोपलेल्या बाया होत्या. लाट उसळली की लेक आमचा हात घट्ट धरायची आणि अम्मींची तस्बीह जरा वेगाने फिरायची.

झांझिबारला अम्मींचे चुलत भाऊ, म्हणजे आमचे मामू, राहतात. त्यांचे आजोबा हर्णै बंदरातून गलबतावर खलाशी म्हणून निघाले आणि तिथेच स्थायिक झाले. १९६४ च्या क्रांतीनंतर तिथली अनेक अरब आणि हिंदी कुटुंबं देश सोडून गेली. मामूंच्या वडिलांनी मात्र बेट सोडलं नाही. अम्मींनी त्यांना चाळीस वर्षांत फक्त दोनदा पाहिलं होतं. “आता गुडघे चालतायत तोवर भेटून येऊ,” असं त्या म्हणाल्या आणि आम्ही साठवलेल्या पैशांना हात घातला.

निघण्याआधीची एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढे तिचा अर्थ आम्हाला कळला. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत जाऊन परतणाऱ्याकडे पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड असावं लागतं, आणि ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. मुंबईच्या केंद्रात सकाळी रांगेत उभं राहून आम्ही ती घेतली. “एवढी काय कटकट!” असं आम्ही तेव्हा म्हटलं होतं. विमानतळावर ते पिवळं कार्ड कोणीतरी उघडून पाहतं आणि परत देतं, एवढंच आपल्याला दिसतं. त्यामागे कोणीतरी विचार करून बसवलेली एक व्यवस्था असते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

मामूंचं घर जुन्या शहरात, स्टोन टाउनमध्ये आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं. घरांची दारं कोरीव, त्यांवर पितळी खिळे. दाराबाहेर भिंतीला लागूनच दगडी ओटे. त्यांना तिथे ‘बराझा’ म्हणतात. मगरिबनंतर पुरुष त्या ओट्यांवर येऊन बसतात, कडू कॉफी पितात, गप्पा मारतात. कोकणातल्या पडवीतली संध्याकाळ उचलून कोणी गल्लीत आणून ठेवावी, तसं वाटलं.

आमच्यासारख्या उर्दू शिकवणाऱ्याला तिथली भाषा परकी वाटत नाही. स्वाहिलीत ‘दावा’ म्हणजे औषध, ‘दामू’ म्हणजे रक्त, ‘किताबू’ म्हणजे पुस्तक. ‘आफ्या’ म्हणजे आरोग्य. आपण दुआमध्ये जी आफियत मागतो, तीच ही. आणि शिक्षकाला म्हणतात ‘म्वालिमू’, आपला मुअल्लिम. आम्ही शिक्षक आहोत हे कळल्यावर गल्लीतली मुलं “म्वालिमू, म्वालिमू” म्हणत मागे यायची. आमची लेक यावर फार खूश होती.

तिसऱ्या दिवशी मामूंच्या नातवाला ताप आला. मुलगा एकोणीस वर्षांचा. दोन-तीन आठवड्यांपूर्वी तो आणि त्याची सहा वर्षांची बहीण एका लग्नासाठी समुद्रापलीकडे तांगा शहरात जाऊन आले होते. रात्री अंग थरथरू लागलं. मामींनी दोन गोधड्या टाकल्या तरी थंडी जाईना. सकाळी मामू त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला, एका छोट्या पट्टीवर टाकला. पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मलेरिया. तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, त्याही मोफत. मुलगा घरी येऊन झोपला. आपल्याकडे गोष्ट इथे संपली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. पाठीवर पिशवी अडकवलेला एक तरुण उतरला, बाहेरूनच सलाम केला, चपला काढल्या आणि मामींनी आत बोलावेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. तो जिल्ह्याचा मलेरिया पाहणी अधिकारी होता. केंद्रातल्या नर्सने रुग्णाची खबर फोनवरून कळवली होती आणि तिचा माग काढत तो घरापर्यंत आला होता.

त्याने टॅब्लेट उघडला आणि विचारायला सुरुवात केली. मामू आमच्यासाठी कोकणीत सांगत होते. मुलगा कुठे गेला होता? किती रात्री राहिला? तिथे मच्छरदाणीत झोपला का? घरात किती माणसं आहेत? मच्छरदाण्या किती? मग म्हणाला, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं आहे. पाहुण्यांचंही.

अम्मी म्हणाल्या, “आम्हाला काय झालंय? आम्ही तर ठणठणीत आहोत.” खरं सांगायचं तर आम्हालाही तेच वाटलं होतं. परक्या देशात, परक्या माणसाकडून लेकीच्या बोटाला सुई टोचून घ्यायची म्हणजे पोटात गोळा येतो. पण मामूंनी मान हलवली. “सगळ्यांनी करायचं. या घरात ते टाळायचं नाही,” असं ते काहीशा करड्या आवाजात म्हणाले आणि स्वतःचं बोट सगळ्यात आधी पुढे केलं.

एका ओळीत नऊ पट्ट्या मांडल्या गेल्या, प्रत्येकीवर पेनाने नाव. आमच्या चौघांच्या पट्ट्यांवर एकेकच रेघ राहिली. मामू-मामींच्या, त्यांच्या मुलाच्या आणि सुनेच्याही तशाच. नववी पट्टी सहा वर्षांच्या नातीची. तिच्यावर हळूहळू दुसरी रेघ उमटली.

ती मुलगी त्या वेळी मागच्या अंगणात आमच्या लेकीबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. ताप नाही, डोकेदुखी नाही, सकाळी तिने दोन चपात्या खाल्लेल्या. कोणीही तिला दवाखान्यात नेलं नसतं. अंगात जंतू घेऊन ती आणखी काही दिवस हिंडली असती. कदाचित आपोआप बरी झाली असती, कदाचित एखाद्या रात्री तापाने फणफणली असती. आणि तिला चावलेला डास आणखी कोणाला चावला असता. अधिकाऱ्याने तिच्या वजनाप्रमाणे गोळ्या मोजून दिल्या, पहिली मात्रा समोरच घ्यायला लावली आणि तिच्या आईला तीन दिवसांचं वेळापत्रक दोनदा म्हणून दाखवायला सांगितलं. अगदी वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसं.

तो गेल्यावर मामू बराच वेळ गप्प होते. असरनंतर ओट्यावर बसले तेव्हा स्वतःच बोलू लागले.

“मी लहान असताना आमच्या घरात फवारणीवाले यायचे. पाठीवर डबे, हातात नळी. घरातलं सगळं सामान गल्लीत काढायला लागायचं. आम्हा पोरांना मजा वाटायची. अब्बा सांगायचे, आधी प्रत्येक घरात ताप असायचा, आता नाही. मग एका वर्षी फवारणीवाले आले नाहीत. पुढच्या वर्षीही नाही. आम्हाला वाटलं, रोग गेला, म्हणून येत नसतील. बरंच झालं, सामान बाहेर काढायची कटकट गेली. १९७२ साली माझा धाकटा भाऊ गेला. चार वर्षांचा होता. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी फिट आली. अम्मी त्याला मांडीवर घेऊन बसली होती, इथेच, या खोलीत.”

अम्मींनी या भावाचं नावही कधी ऐकलं नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त मामूंचा हात हातात घेतला.

घरी आल्यावर आम्ही या साऱ्याचा इतिहास शोधून वाचला, तेव्हा मामूंची आठवण किती अचूक होती ते समजलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५८ च्या सुमाराला झांझिबारमध्ये मलेरिया निर्मूलनाची मोठी मोहीम सुरू झाली. घराघरांत कीटकनाशक फवारलं गेलं. आधी बेटावरच्या निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडत. दहा वर्षांत हे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली आलं. आणि १९६८ मध्ये मोहीम थांबली. काही वर्षांतच रोग पुन्हा जुन्या जागी येऊन बसला. १९८० च्या दशकात परदेशी पैशांवर दुसरी मोहीम झाली, तीही संपली, आणि रोग पुन्हा उसळला.

यात नावं ठेवायला आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडे १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. १९६५ पर्यंत देशभरातले रुग्ण वर्षाला एक लाखाच्या आसपास आले होते. मग ढिलाई आली, डास औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. आम्ही लहान असताना गावात खाकी पिशवीवाला आरोग्य सेवक यायचा. तापकऱ्याच्या बोटातून रक्त घेऊन काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दाराजवळच्या भिंतीवर तारीख लिहून जायचा. त्या उसळीनंतरच्या बंदोबस्ताचा तो भाग होता. आम्ही मात्र त्या तारखांच्या शेजारी कोळशाने बेरजा-वजाबाक्या करायचो.

झांझिबारने तिसऱ्यांदा सुरुवात केली ती २००३ मध्ये. हे बेट टांझानियाचा भाग असलं, तरी आरोग्याचा कारभार त्याचा स्वतंत्र आहे. मंत्रालयही वेगळं, आराखडाही वेगळा. जुनं औषध क्लोरोक्वीन बहुसंख्य रुग्णांना लागू पडेनासं झालं होतं. सरकारने धोरण बदललं आणि आर्टेमिसिनिनवर आधारलेल्या नव्या गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत द्यायला सुरुवात केली. पुढे गरोदर बायका आणि लहान मुलांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या मिळाल्या. २००६ पासून घराघरांत फवारणी सुरू झाली. उत्तरेकडच्या एका जिल्ह्यात २००३ मध्ये पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी नऊ जणांच्या रक्तात जंतू होते. २००६ मध्ये हजारात तीन उरले. त्याच जिल्ह्यात २००२ ते २००५ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू निम्म्यावर आले.

आमच्या मते खरी अक्कल दिसते ती यानंतर. रोग इतका कमी झाल्यावर पूर्वी दोनदा जे झालं तेच पुन्हा झालं असतं. या वेळी त्यांनी वेगळा विचार केला. २००८ पासून आरोग्य केंद्रांनी मोबाइलवरून रुग्णांची संख्या कळवायची पद्धत बसवली. पुढे प्रत्येक रुग्णाच्या घरापर्यंत माणूस पाठवायला सुरुवात केली. हजारो रुग्ण असताना हे शक्य नसतं. रुग्ण कमी झाल्यावरच एकेक घर गाठता येतं. म्हणजे रोग कमी झाला की काम संपत नाही, कामाची रीत बदलते. मच्छरदाणीचंही तसंच. एकदा वाटून मोकळं व्हायचं नाही. जुनी फाटली की वस्तीच्या प्रमुखाकडून, ज्याला तिथे ‘शेहा’ म्हणतात, कुपन घ्यायचं आणि आरोग्य केंद्रातून नवी आणायची.

निघण्याच्या आदल्या दिवशी तो अधिकारी पुन्हा आला. नातीच्या गोळ्या पूर्ण झाल्या का ते पाहायला. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून चहाला थांबला. आम्ही विचारलं, मग आता रोग संपत आला का? तो हसला. म्हणाला, संपवायची ठरवलेली तारीख पुढे ढकलावी लागली आहे. फवारणी घरात होते, मच्छरदाणी घरात असते, आणि आता डास जास्त करून घराबाहेर चावतात. त्याने बोटाने बाहेरचा ओटा दाखवला. ज्या बराझावर बसून आम्ही रोज संध्याकाळी गप्पा मारत होतो, तोच! शिवाय, तो म्हणाला, रोज बोटी येतात. पलीकडच्या किनाऱ्यावर मलेरिया आहे तोवर बोटीतून तो येतच राहणार. बोटी तर थांबवता येत नाहीत. लोकांची पोटं, लग्नं, शाळा त्या बोटींवर आहेत.

आणि पैसा? या प्रश्नावर त्याने चहाचा कप खाली ठेवला. या कामाला लागणाऱ्या पैशाचा मोठा भाग बाहेरून येतो, जागतिक निधीकडून आणि अमेरिकेकडून. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतल्या आरोग्याच्या कामांना त्याचा धक्का बसला. आफ्रिकी देशांच्या प्रमुखांनी २००१ मध्ये नायजेरियात अबुजा इथे जमून वचन दिलं होतं की अंदाजपत्रकाचा निदान १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करू. आजही बहुतेक देश त्याच्या बरेच मागे आहेत. मामू म्हणाले, “दुसऱ्याच्या विहिरीवर शेत भिजवायचं म्हणजे दोर त्याच्या हातात.” अधिकाऱ्याने मान डोलावली. मग एक स्वाहिली म्हण सांगितली, ‘हबा ना हबा हुजाझा किबाबा’. दाणा दाणा टाकत गेलं की मापटं भरतं. आपलं थेंबे थेंबे तळे साचे. फक्त टाकणारा हात मध्येच थांबता कामा नये.

आणि मापटं भरतंसुद्धा. आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात केप व्हर्दे हा छोटा बेटांचा देश आहे. त्यानेही विसाव्या शतकात दोनदा मलेरिया संपवला होता आणि फवारणीत ढिलाई झाल्यावर दोन्ही वेळा तो परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी हात थांबवला नाही. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना मलेरियामुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इजिप्तलाही मिळालं, जिथे हा रोग फिरऔनांच्या काळापासून होता.

परतीच्या बोटीत अम्मी खिडकीशी बसल्या होत्या. मामू धक्क्यावर हात हलवत उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर ती सहा वर्षांची नात होती. अम्मी म्हणाल्या, “त्या पोराने मोटारसायकल वळवली नसती, तर आपल्याला कळलंही नसतं.” आम्ही त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. जे घडलं नाही, त्याची बातमी होत नाही. चार वर्षांचा मुलगा गेला ते पन्नास वर्षांनीही घरात आठवतं. सहा वर्षांची मुलगी राहिली, हे आठवायला कोणाला काही कारण उरत नाही. म्हणूनच अशा कामांवरचा खर्च कोणालाही आधी कापावासा वाटतो.

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आशाताई आणि एक आरोग्य सेवक आमच्या गल्लीत आले. पाण्याच्या टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजच्या मागचं भांडं, सगळं पाहत होते. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, भांडी घासून उलटी करा, असं सांगत होते. दर वर्षी हे लोक येतात, आणि दर वर्षी आम्ही दारातूनच “आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे” म्हणून त्यांना वाटेला लावत आलो आहोत. शेजारच्यांनी याही वेळी तेच केलं.

या खेपेला आम्ही शिडी लावली आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण त्यांच्यासमोर उघडलं. पाण्यात अळ्या होत्या. वळवळणाऱ्या, केसाएवढ्या बारीक, आमच्या स्वच्छ घराच्या टाकीत. लेक शिडीच्या खालच्या पायरीवरून विचारत होती, “आहेत का? आहेत का?” आरोग्य सेवकाने तारीख लिहायला खडू काढला. आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.